कार्डावरची पाचवी ओळ

३ मार्च

दादा,

चष्मा मिळाला. त्याच खोक्यातून परत पाठवतेय. काचा पुसून ठेवल्यात, नाहीतर म्हणशील बहिणीने बोटं लावून खराब केला.

सुबक आहे हो. दांड्या हलक्या आहेत, नाकावरही बरोबर बसतो. नऊ वर्षांत माझ्या नाकाचं माप तू विसरला नाहीस, कमाल आहे. पण सोबत दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. आणि चष्म्याने माझं काय होणार, हे तुझ्याइतकं कोणाला कळतं? माझे डोळे ठणठणीत आहेत. बिघडलं ते मागे, डोक्यात. समोरच्या जगाची डावी बाजू मला दिसत नाही आणि ती कुठल्याही काचेने परत यायची नाही. हे लिहितानाही कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवलीय. ओळ संपली की पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मग पुढची ओळ. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं आणि मला वाटतं जेवण झालं. रस्त्याने माझी लेक नेहमी माझ्या डावीकडून चालते. तिला तसं कोणी शिकवलं नाही.

असो. रडगाणं गायला पत्र लिहीत नाहीये.

वहिनीचा फोन आला होता. ती करते अधूनमधून. आता लगेच तिच्यावर डाफरू नकोस. तुमच्या खारूला आठवा लागला म्हणाली. गालांत खाऊ कोंबून चष्म्यांच्या दुकानभर पळणारी आपली खारू आई होणार! दोन महिने तुमच्याकडेच राहणार, दुकानाच्या वरच्या खोलीत. ऐकून आनंद झाला. पण वहिनीने पुढचंही सांगितलं. खारूच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला बाळंतपणात त्रास झाला होता का? तर तू वर तोंड करून म्हणालास, "तिच्या आत्याला झटके यायचे, पण ते लहानपणापासूनचे."

लहानपणापासूनचे! माझं लहानपण तुझ्या कडेवर गेलं, दादा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझी वेणी तू घालायचास, तीही वाकडी. त्यात एक तरी झटका आठवतो का तुला?

माझं एकच मागणं आहे. डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सांग: आत्याला बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी रक्तदाब वाढून झटके आले, त्याआधी कधीच नाही. एवढंच एक वाक्य. रोज शंभर माणसांना अक्षरं वाचायला लावतोस, तुला एक वाक्य जड जायला नको.

बहीण


१९ मार्च

दादा,

उत्तर पोचलं. पावतीच्या मागे अडीच ओळी. धन्य आहे तुझी.

"जुनं उकरू नकोस. पोरीला घाबरवू नकोस. एकदा बाळंतपण पार पडलं की बीपीचा प्रश्न मिटतो."

मिटतो म्हणे. माझं बाळंतपण कसं पार पडलं होतं ते विसरलास का? सगळं छान. बाळ रडलं, टाके नाहीत, बीपी जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. सगळे निर्धास्त झाले, मीसुद्धा. ते वाढलं नंतर. घरी आल्यावर, कोणी मोजत नव्हतं तेव्हा.

तू विसरलायस म्हणून आठवण करून देते. हे टँकर घेऊन लांब गेले होते, म्हणून मी तुझ्याकडे होते. चौथ्या दिवशी माझं डोकं ठणकायला लागलं. वहिनी म्हणाली, झोप होत नाही म्हणून. पाचव्या दिवशी उठले तर तोंड सुजलेलं, डोळ्यांपुढे काजवे आणि वर्तमानपत्रातली अक्षरं पुसट. दुसऱ्या कोणाच्या घरी हे झालं असतं, तर त्यांनी घाबरून मला उचललं असतं आणि हॉस्पिटल गाठलं असतं. पण आपलं घर पडलं चष्मेवाल्याचं. आपल्याकडे कोणाला पुसट दिसलं की एकच गोष्ट होते. तू जिन्यातून हाक मारलीस, "ये खाली, नंबर बघू."

"बाळंतपणात नंबर हलतो गं. घाबरायचं नाही."

आणि मी आले. तू सांगितलंस आणि मी आले नाही, असं कधी झालं होतं? बाळाला वहिनीकडे दिलं आणि खुर्चीत बसले. ती जड लोखंडी फ्रेम तू माझ्या नाकावर चढवलीस आणि एकामागून एक काचा घालायला लागलास. "हे बरं की ते? आता? की आधीचं?" पाचव्या दिवशी सकाळी एक नंबर निघाला, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. सहाव्या दिवशी सकाळी चौथा. अरे, दीड दिवसात चार नंबर! इतक्या वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक कधी पाहिलं होतंस? दुसरं कोणी असतं तर तू म्हणाला असतास, बाई, आधी डॉक्टरांकडे जा. मी होते म्हणून तू काच घासलीस. स्वतः चाकावर बसून घासलीस, फ्रेममध्ये बसवलीस आणि माझ्या कानांमागे दांड्या अडकवल्यास.

त्यापुढचं मला आठवत नाही. वहिनीने सांगितलं तेवढंच माहीत आहे. मी खुर्चीतच ताठ झाले, दातखीळ बसली, नवा चष्मा फरशीवर पडला. आणि तू धावत फोनकडे गेलास. फोन कोणाला केलास? तुझ्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना! ते बिचारे तुझ्यावर ओरडले, तेव्हा कुठे ॲम्ब्युलन्स आली. तोवर दुसरा झटका येऊन गेला होता आणि डोक्यात रक्त सांडलं होतं. माझी लेक तेव्हा सहा दिवसांची होती. मी तिला पुन्हा पाहिलं तेव्हा पाच आठवड्यांची झाली होती. तेही अर्धीच दिसली.

ह्यांनी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तुझी गचांडी धरली. "दुकान चालवत होतात की बहिणीला सांभाळत होतात?" असं सगळ्यांदेखत विचारलं. गचांडी धरली ते चुकलं त्यांचं. प्रश्न काही चुकला नव्हता. त्या दिवसापासून तुमचं आमचं बोलणं बंद, आणि त्या दिवसापासूनच माझे झटके लहानपणीचे झाले. नातेवाइकांना पटलंही. तुझ्यासारख्या सज्जन माणसावर कोण अविश्वास दाखवणार?

मी ते चालवून घेतलं. नऊ वर्षं कोणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. पण आता खारूच्या जिवाचा प्रश्न आहे. पोरगी आठ-नऊ वर्षांची असती तर तू तिला काटा लागू दिला नसतास. मग आता का गप्प बसतोस?

बहीण


२ एप्रिल

दादा,

मूग गिळून बसलायस. बस.

मी खारूलाच पत्र टाकलं. हो, तुला न विचारता. मी आता एका लाँड्रीत काम करते, कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावते. तिथे एक नर्सबाई युनिफॉर्म टाकायला येतात. त्यांना विचारून विचारून लिहिलंय. घरी गेल्यावरही निदान दोन आठवडे रोज बीपी मोजायचं. एकशे चाळीसच्या वर किंवा खालचा आकडा नव्वदच्या वर गेला की डॉक्टरीणबाईंना फोन करायचा. डोकं दुखायचं थांबेना, काजवे चमकले, पुसट दिसलं, पोटाच्या वरच्या भागात दुखलं किंवा धाप लागली, तर आकड्याची वाट न बघता त्याच पावली हॉस्पिटलात जायचं. बाळ झालं म्हणजे सुटलो, असं समजायचं नाही. शेवटची ओळ माझी स्वतःची आहे, नर्सबाईंची नाही: बाबांच्या खुर्चीत बसायचं नाही.

लाव आता बोल मला.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. तुला एक गोष्ट सांगायचीय. ह्यांनाही कधी सांगितलेली नाही. सकाळपासून तीनदा पेन उचलून ठेवलं. गिऱ्हाईक नाही तोवर लिहून टाकते.

सहाव्या दिवशी तू चौथी काच घातलीस आणि विचारलंस, "आता?" मी म्हणाले, "हो, आता एकदम स्पष्ट." आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं.

खोटं बोलले. मला सगळ्यात वरचं मोठं अक्षर धड दिसत नव्हतं. खालच्या सगळ्या ओळी मी पाठ म्हटल्या. त्या दुकानात वाढले मी, तो तक्ता मला पाढ्यांसारखा येतो. आजही येतो, म्हणून दाखवू?

का बोलले? बाहेर बाकावर तीन गिऱ्हाईकं ताटकळली होती. तुला घाम फुटला होता. माझं डोकं फुटत होतं आणि मला फक्त वर जाऊन आडवं व्हायचं होतं. आणि खरं सांगू? तुझा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता. "स्पष्ट" म्हटल्याबरोबर तू असा हसलास की जणू मीच तुला बरं केलं.

आपला सगळा धंदा गिऱ्हाइकाच्या खऱ्या उत्तरावर चालतो, हे मला तूच शिकवलंस. कोणी अंदाजाने वाचतंय, पाठ म्हणतंय किंवा उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत असं वाटलं, तर गिऱ्हाइकाच्या नंबराच्या कार्डावर त्या ओळीच्या आधी पेन्सिलीने लहानसा गोल काढायचा. आणि गोल काढलेल्या नंबराची काच त्या दिवशी घासायची नाही. काय वाटेल ते होवो. मी तुझ्या हाताखाली असताना किती गोल काढले असतील! शाळेतली पोरं, लाजणारे म्हातारे, गाडीचं लायसन हवं असलेले. सगळे पकडले मी. पण तुला माझ्या बाबतीत शंका आली नाही. समोर मी होते ना. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मी तुला फसवलं.

हे जेवायला बसले की अजून कधीकधी तुझ्या नावाने खडे फोडतात. मी मान खाली घालून ऐकते. दरवेळी वाटतं, आता सांगावं की अहो, दादाचं अर्धंच चुकलं, अर्धं माझं आहे. आणि दरवेळी घास गिळून गप्प बसते.

तेव्हा माझ्या वाटणीचा अर्धा दोष मी आज घेतला. आता तुझ्या अर्ध्याचं तू बघ. निदान डॉक्टरीणबाईंपाशी तरी.

बहीण


२८ एप्रिल

दादा,

खारूचा फोन येऊन गेला. तिचं पहिलं वाक्य काय होतं माहितीय? "आत्या, मी बरी आहे, आधी एवढं ऐक."

मुलगा झाला, तीन किलोचा, नाक म्हणे तुझ्यासारखं. बिचारा. आणि पाचव्या दिवशी हिचं डोकं दुखायला लागलं. हिने रोजच्यासारखं मोजलं तर आकडा एकशे अठ्ठावन्न. ती फोन शोधतेय तोवर भिंतीवरचं कॅलेंडर पुसट झालं. तिने वरून ओरडून सांगितलं, "बाबा, मला नीट दिसत नाहीये." आणि तू काय म्हणालास ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं.

"ये खाली, पाच मिनिटं बस. नंबर बघू, मग जाऊ."

हे ऐकून मी लाँड्रीच्या काउंटरवरून फोनमध्ये ओरडलेच. मालक पाणी घेऊन आले.

अरे, कसली माती भरलीय तुझ्या डोक्यात! तीच खोली, तीच खुर्ची, आणि या वेळी तुझी स्वतःची पोर. तिच्यावर तुझा जीव नाही असं मी मेले तरी म्हणणार नाही. मग? मला वाटतं, तू घाबरतोस तेव्हा तुझे हात आपोआप काचांच्या पेटीकडेच जातात. तुला दुसरं काही येतच नाही. पण नऊ वर्षं होती रे तुझ्याकडे, शिकायला.

खारूने माझा कागद बाळाच्या दुपट्यांच्या पिशवीत ठेवला होता. तो बाहेर काढला आणि म्हणाली, "मी त्या खुर्चीत बसणार नाही, बाबा." वहिनीने बाळ उचललं, टॅक्सी बोलावली. तू दुकानाच्या दारात उभा होतास म्हणे. हॉस्पिटलात पोचेपर्यंत एकशे चौऱ्याऐंशीवर एकशे सोळा. शिरेतून औषध लावलं, पूर्ण एक दिवस-रात्र तिचा हात धरून बसली होती वहिनी. झटका आला नाही. आता ती घरी आहे, गोळ्या चालू आहेत, दोन्ही डोळ्यांनी बाळाला सगळंच्या सगळं बघतेय. तिने तसं सांगितलं तेव्हा मी रडले. तू असतास तर तुझ्याही गळ्यात पडून रडले असते, इतकी हलकी झाले होते.

पण मग ती हसत हसत म्हणाली, "आत्या, बाबा काय सांगतात माहितीये सगळ्यांना? मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि ओळखलं. म्हटलं, हे नंबराचं काम नाही, हे बीपीचं आहे, पळा!"

शाबास. गिऱ्हाईकं माना डोलवत असतील. सज्जन माणूस, आणि वर हुशार!

घे, स्वतःची पाठ थोपटून घे. मी खोडून काढणार नाही. पोरगी वाचली, मला तेवढं पुरे आहे. फक्त माझ्या मागच्या पत्राला एक शब्द तरी लिहायचास. "वाचलं" एवढं लिहिलं असतंस तरी चाललं असतं. मी नऊ वर्षं पोटात ठेवलेलं तुझ्यापुढे ओतलं, आणि तुझ्याकडून पावतीची मागची बाजूसुद्धा आली नाही.

बहीण


११ मे

दादा,

तू दुकान कॉम्प्युटरवर घेतोयस असं कळलं. चांगलं आहे. जुनी कार्डं खणांतून काढून रद्दीच्या पोत्यात भरतोयस, त्यातलं माझं कार्ड वहिनीने उचललं आणि मला पाठवलं. सोबत लिहिलं होतं, "तुमचं आहे, तुमच्याकडे असू दे." ती अजून मला अहोजाहो करते. तिला रागवू नकोस. तिने ते नीट बघितलं नसणार. बघितलं असतं तरी तिला त्यातलं काय कळणार, दुकानातल्या खुणा तुझ्या नि माझ्यातच होत्या.

काल संध्याकाळी कार्ड घेऊन बसले. तुझं तिरकं अक्षर. शाळेतल्या पहिल्या तपासणीपासूनच्या सगळ्या नोंदी, आणि तळाशी त्या दोन दिवसांच्या चार ओळी. वाचल्या. म्हटलं, बिचारा किती झटत होता, आणि मी याला फसवलं.

शेजारी लेक गृहपाठ करत होती. ती डोकावली आणि म्हणाली, "आई, खालच्या चार ओळींच्या आधी शून्यं कशाला काढलीत?"

मी म्हटलं, कुठे? ती म्हणाली, "हे काय, डावीकडे."

मी लाल पट्टी घेतली, कार्डाच्या कडेला लावली आणि मान वळवली.

चार गोल आहेत, दादा. चारही ओळींच्या आधी. पेन्सिलीचे, छोटे, तुझ्या हातचे. चौथा तर तू दोनदा गिरवलायस. पेन्सिल इतकी दाबलीस की बोट फिरवलं तर कार्डाच्या मागून लागतं. मी रात्री बराच वेळ बोट फिरवत होते.

म्हणजे तुला कळलं होतं. मी पाठ म्हणतेय हे तुला खुर्चीपाशी उभं असतानाच कळलं होतं. मोठं अक्षरही दिसत नाहीये हिला, हे कळलं होतं. तू पेन्सिल उचललीस, गोल काढलास, पेन्सिल खाली ठेवलीस, मग चाकावर जाऊन बसलास आणि काच घासलीस. तुझ्या सगळ्या आयुष्यात गोलाची काच त्याच दिवशी घासली ती एकदाच, आणि ती माझी.

का, ते मी विचारत नाही. बाकावर तीन गिऱ्हाईकं होती म्हणून, की मला काय झालंय ते तुला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही असं तुझ्या तोंडून निघत नव्हतं म्हणून, की मी "स्पष्ट" म्हणाले ते तुला खरं असायला हवं होतं म्हणून. काहीही असो. मला आता उत्तर नको. तुझ्या उत्तरांवर माझा भरवसा नाही.

पण २ एप्रिलला मी घेतलेला अर्धा दोष परत घेते. नऊ वर्षं मी माझ्या नवऱ्यासमोर मान खाली घालून जेवले. माझं पत्र वाचून तुला एका ओळीत सांगता आलं असतं की बाई, मला माहीत होतं, तू उगाच जीव जाळू नकोस. तू तेही केलं नाहीस. मी तो दोष घेऊन बसले होते, तर तू मला बसू दिलंस.

आज दुपारी जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. ते उठले आणि माझ्या ताटात डावीकडे राहिलेलं उजवीकडे सरकवून दिलं.

कार्ड परत पाठवतेय. ते रद्दीत टाकायचं नाही, कॉम्प्युटरवर चढवायचं असेल तर नीट चढव. तुझ्या चार ओळींखाली मी पाचवी लिहिलीय. माझ्या हॉस्पिटलच्या कागदांवरून उतरवली, तारखेसकट: एकशे शहाण्णववर एकशे चोवीस. ॲम्ब्युलन्समधून उतरवल्यावर त्यांनी घेतलेला पहिला आकडा. लिहिण्याआधी पट्टी लावून डावी कड दोनदा तपासली.

त्या ओळीच्या आधी गोल नाही.

बहीण